दोष वेगाचा किती, नळीचा किती?

निशाणाच्या कागदावर पाच छिद्रं पडली की बहुतेक जण ती किती जवळजवळ पडलीत तेवढंच बघतात. मी आधी त्यांचा आकार बघतो. एकाखाली एक, उभ्या माळेसारखी पडलीत का? आडवी पांगलीत का? की चार एका जागी आणि पाचवं भलतीकडेच? एअर रायफलच्या दुखण्याची निम्मी लक्षणं तिथेच दिसतात.

उभी माळ दिसली की ठरलेलं वाक्य कानावर येतं, ‘वेग वर-खाली होतोय.’ मग कुणाचा तरी क्रोनोग्राफ मागून आणला जातो. हे वेग मोजायचं साधं यंत्र. छर्रा दोन सेन्सरवरून जातो आणि मधे किती वेळ गेला यावरून वेग कळतो. आकडे थोडेफार वर-खाली निघतात, ते निघणारच असतात, आणि गुन्हेगार सापडल्याचं समाधान मिळतं. त्या आकड्यांमुळे कागदावर किती मिलिमीटरचा फरक पडायला हवा, हे गणित मात्र कुणी करत नाही. गणित अवघड नाही. आणि ते केलं की बऱ्याच वेळा वेग निर्दोष सुटतो.

वेगाचा हिशोब

नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून छर्रा खाली पडायला लागतो. हातातून सुटलेला दगड जसा पडतो तसाच, त्याच गतीने. फरक एवढाच की पडता पडता तो पुढेही जात असतो. म्हणजे तो किती खाली जाईल हे तो किती वेळ हवेत राहिला यावर ठरतं. वेळ दुप्पट झाला तर घसरण चौपट.

दहा मीटरच्या स्पर्धेतली रायफल घेऊ. ४.५ मिलिमीटरचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा, वेग सेकंदाला १७० मीटर. दहा मीटर जायला त्याला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. हवेचा अवरोध मी इथे सोडून दिलाय. दहा मीटरवर त्याने फार बिघडत नाही. आता पुढचा छर्रा १७३ ने सुटला. तो १६.४ मिलिमीटर खाली येईल. फरक पडला अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त.

सेकंदाला ३ मीटरचा फरक क्रोनोग्राफवर डोळ्यात भरतो, पण कागदावर त्याचे होतात ०.६ मिलिमीटर. ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि तिथे १०.० पासून १०.९ पर्यंत दशांशात गुण मोजतात. एकेक दशांश पाव मिलिमीटरचा. म्हणजे ३ मीटरच्या फरकाला दोन दशांशांची किंमत आहे. अंतिम फेरीतल्या नेमबाजाला ती परवडणार नाही, हे खरंच. पण तुमचे पाच छर्रे दहा मीटरवर आठ मिलिमीटरच्या उभ्या माळेत पडत असतील, तर त्यातला अर्धा मिलिमीटर वेगाचा. उरलेले साडेसात कुणाचे?

अंतर वाढलं की वेगाचं वजन वाढतं. जरा ताकदवान रायफलीतून सेकंदाला २४० मीटरने सुटलेला छर्रा ५० मीटरवर पोचायला साधारण ०.२३ सेकंद घेतो, कारण वाटेत हवा त्याला अडवते. एवढ्या वेळात तो २६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर खाली येतो. एक हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. वेगात एक टक्का फरक पडला की घसरणीत दोन टक्के फरक पडतो. २६ सेंटिमीटरचे दोन टक्के म्हणजे पाच मिलिमीटर. वेग अडीच टक्क्यांनी डोलत असेल, म्हणजे साधारण सहा मीटरने, तर ५० मीटरवर १३ मिलिमीटरची माळ वेगामुळेच होईल. इथे मात्र क्रोनोग्राफ काढायलाच हवा.

आणि आडवा विखुर? त्यात वेगातल्या या फरकांचा हात जवळपास नसतोच. वारा नसेल तर वेगवान आणि मंद छर्रे एकमेकांच्या वर-खाली पडतात, डावी-उजवीकडे नाही.

वेग डळमळतो कशाने

स्प्रिंगच्या रायफलीत दाबलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टनपुढची हवा दाबली जाते, तापते, आणि त्या हवेच्या जोरावर छर्रा निघतो. दर वेळी तीच स्प्रिंग, तेवढीच धाव, त्यामुळे चांगली बसलेली स्प्रिंग रायफल फार इमानदार असते. बिघाड येतो तो बहुधा तेलाने. सिलिंडरमध्ये जास्तीचं तेल गेलं की दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते जळतं, डिझेल इंजिनात जळतं तसंच. त्यालाच डिझेलिंग म्हणतात. धूर, जळका वास, नेहमीपेक्षा मोठा आवाज, आणि वेग वाटेल तसा उड्या मारणारा. नव्या रायफलीत सुरुवातीला हे थोडं होतंच. ‘आवाज दमदार येतोय’ म्हणून खूश होऊन आणखी तेल सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यांना काय सांगणार!

आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलींना पीसीपी म्हणतात. त्यांची गोष्ट जरा गमतीची. साध्या, रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत टाकी काठोकाठ भरली की वेग सगळ्यात जास्त असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो कमी असू शकतो. कारण टाकीतला दाबच व्हॉल्व्हला घट्ट मिटून ठेवतो. ट्रिगर दाबल्यावर व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या हातोडीचा ठोका पडला तरी व्हॉल्व्ह थोडाच उघडतो आणि हवा कमी सुटते. दाब उतरत गेला की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, वेग चढतो, काही छर्रे एका पातळीवर टिकतो आणि मग दाबच पुरेनासा झाला की उतरतो. ही मधली सपाटी आपल्या रायफलीत कुठल्या दाबापासून कुठल्या दाबापर्यंत आहे, हे एकदा मोजून ठेवावं आणि टाकी तेवढीच भरावी. रेग्युलेटर असला तर तो दर वेळी ठरलेल्याच दाबाची हवा व्हॉल्व्हपुढे ठेवतो आणि ही भानगड मिटते. त्याची सील गळत असेल तर मात्र रायफल बराच वेळ पडून राहिल्यावर पहिला छर्रा वेगळाच जातो.

कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या रायफलींचा वेग हवामानावर अवलंबून असतो. २० अंशांना त्या वायूचा दाब सुमारे ५७ बार असतो आणि गारठा पडला की तो झपाट्याने उतरतो. भराभर गोळीबार केला की टाकी स्वतःच थंड पडते. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्यात छर्र्याचाही वाटा असतो. छर्र्याचं डोकं नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पीळदार उंचवट्यांवर, टेकून चालतं आणि मागचा पोकळ घेर, म्हणजे त्याचा घागरा, फुलून हवा अडवतो. घागऱ्याला पोचा असेल तर हवा निसटते. छर्रा सैल बसला तर तो दाब पुरता चढायच्या आतच चालू लागतो. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असे डोक्याचे आकार छापलेले असतात ते उगाच नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक आपल्या बोटांना कळत नाही, नळीला कळतो. कुठला आकार बरा, याचं उत्तर कुणाला विचारून मिळत नाही. आपल्याच नळीत घालून बघावा लागतो.

जास्त वेग म्हणजे जास्त अचूक?

नाही. हा गैरसमज खोक्यांवरच्या मोठमोठ्या आकड्यांनी पोसलाय. ते आकडे बहुधा हलक्या, शिसं नसलेल्या छर्र्यांनी काढलेले असतात, जे नंतर कुणी वापरत नाही.

२० अंश तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटरने जातो. छर्रा या वेगाच्या जवळ जायला लागला की हवेचा अवरोध एकदम चढतो आणि छर्र्याभोवतीचा प्रवाह डचमळतो. बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता, जड घाट असेल तर ती हे सोसते. छर्रा म्हणजे बॅडमिंटनच्या फुलाचा भाऊ. डोकं जड, कंबर बारीक, मागे पोकळ घेर. त्याला सरळ ठेवायचं काम बरंचसं मागच्या घेरावर पडणारी हवाच करते. हे फूल २२०-२७० मीटरच्या पट्ट्यात सुखात असतं. ध्वनीच्या दारात नेऊन उभं केलं की डगमगतं.

वाऱ्याचा हिशोब तर आणखी उलटा आहे. छर्रा जितका वेळ हवेत तितका वारा त्याला ढकलणार, असं सगळ्यांना वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात मोजायचा असतो तो उशीर. हवा नसती तर छर्र्याला किती वेळ लागला असता आणि हवेमुळे किती लागला, यातला फरक. आपल्या २४० मीटरच्या छर्र्याला निर्वात पोकळीत ५० मीटर जायला ०.२०८ सेकंद लागले असते. हवेत लागले ०.२३. उशीर झाला ०.०२२ सेकंदांचा. गालाला जेमतेम जाणवेल अशी, सेकंदाला २ मीटरची झुळूक आडवी वाहत असेल तर २ गुणिले ०.०२२, म्हणजे सव्वाचार-साडेचार सेंटिमीटर छर्रा बाजूला सरकेल. आता लक्षात येईल की वेग वाढवताना तो ध्वनीच्या जवळ नेला तर अवरोध वाढून उशीरच वाढू शकतो. छर्रा लवकर पोचेल, पण वाऱ्याने जास्त वाहून जाईल. पॉइंट टू टू रायफलींच्या स्पर्धेतली काडतुसं ध्वनीपेक्षा कमी वेगाची असतात, त्याचंही हेच कारण.

आणि बघा, एका झुळकेचे साडेचार सेंटिमीटर, तर वेगातल्या एक टक्क्याचे पाच मिलिमीटर. उघड्यावर बसून क्रोनोग्राफच्या शेवटच्या आकड्यासाठी जीव टाकणाऱ्याने समोर एक दोरा टांगून त्याचं हेलकावणं बघितलं तर जास्त फायदा होईल.

फिरकी

नळीच्या आत पीळ घेतलेले आटे असतात, ते छर्र्याला फिरवतात. बऱ्याच एअर रायफलींमध्ये साधारण ४० ते ४५ सेंटिमीटरला एक पूर्ण फेरा असतो. ४५ चा पीळ आणि २४० मीटर वेग धरला तर छर्रा सेकंदाला पाचशेहून जास्त गिरक्या घेत बाहेर पडतो.

फिरणाऱ्या वस्तूचा तोल मधोमध नसेल तर काय होतं, हे गोफण फिरवलेल्याला माहीत आहे. दगड सुटला की तो त्या क्षणी ज्या दिशेने सरकत होता त्याच दिशेने सरळ जातो. छर्र्याचा गुरुत्वमध्य मधल्या अक्षापासून फक्त ०.०१ मिलिमीटर सरकलेला असला, तरी नळीतून सुटताना तो तेवढ्यामुळे तिरका जातो आणि ५० मीटरवर सुमारे सात मिलिमीटर भटकतो. दहा मीटरवर जवळपास दीड. शिशातला एक बारीक बुडबुडा, घागऱ्याचा एका बाजूला जाड झालेला काठ, एवढं पुरतं. हा भटकाव कुठल्या दिशेला होईल हे छर्रा नळीत कसा बसवला त्यावर ठरतं, म्हणून कागदावर तो गोल विखुर होऊन दिसतो. यात वेग वाढवून काहीच मिळत नाही, कारण वेग वाढला की त्याच प्रमाणात फिरकीही वाढते आणि तिरकेपणा तेवढाच राहतो.

लांबच्या अंतरावर आणखी एक त्रास निघतो. छर्र्याचा पुढे जायचा वेग हवेने पटकन कमी होतो, पण फिरकी तेवढ्या झपाट्याने कमी होत नाही. दूर गेल्यावर तो आपल्या वेगाच्या मानाने फार फिरत असतो आणि मळसूत्रासारखा वेढे घेत जाऊ शकतो. २५ मीटरपर्यंत गुणी असलेला छर्रा ५० ला एकदम वेडा झाला, तर हे एक कारण शोधून बघावं.

आता नळी

एक लोखंडी फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरा आणि बाहेरचं टोक बोटाने झटका. ते थरथरतं. रायफलची नळी तशीच एका टोकाला धरलेली फूटपट्टी आहे, फक्त जाड. पिस्टन सुटला, हातोडी आपटली, दाबाची हवा सुटली, छर्रा आट्यांत घुसला, यातल्या प्रत्येक धक्क्याने तिचं तोंड थरथरतं. हे थरथरणं डोळ्याला दिसत नाही. केसाएवढं, ०.१ मिलिमीटर म्हणा. पण ४५ सेंटिमीटरच्या नळीचं तोंड ०.१ मिलिमीटर कलणं म्हणजे ५० मीटरवर निदान ११ मिलिमीटर. वेगातल्या एक टक्क्याचा फरक पाच मिलिमीटरचा होता, हे आठवा. एका केसाने दुप्पट नुकसान केलं.

नळी थरथरते याचं दुःख नाही. ती दर वेळी तशीच थरथरली आणि छर्रा दर वेळी त्या हेलकाव्याच्या त्याच जागी बाहेर पडला, तर सगळे छर्रे एकाच जागी जातील. गोंधळ होतो तो ‘त्याच जागी’ या अटीमुळे.

झोपाळा डोळ्यासमोर आणा. मधून जाताना तो सगळ्यात जोरात असतो, दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो. छर्रा नळीच्या हेलकाव्याच्या मधल्या जागी सुटत असेल, तर वेळेत किंचित फरक पडला तरी तोंड बरंच सरकलेलं असेल. टोकाशी, थबकल्या वेळी सुटत असेल तर वेळ थोडा मागेपुढे झाला तरी तोंडाचा कोन जवळपास तोच राहतो. नळीच्या टोकाला लावायची सरकती वजनं, म्हणजे ट्यूनर, हेच करतात. वजन पुढे-मागे केलं की हेलकाव्याची लय बदलते आणि थबकण्याची वेळ छर्र्याच्या सुटण्याशी जुळवता येते. नळीला आवाज दाबायचा डबा लावला किंवा काढला की निशाण सरकतं, त्यामागेही हेच.

याहून सुंदर एक गोष्ट आहे. छर्रा सुटताना नळीचं तोंड वर चढत असेल, अशी वेळ साधली तर? मंद छर्रा नळीत जरासा जास्त वेळ राहतो, म्हणजे तो उशिरा सुटतो, म्हणजे तोपर्यंत तोंड थोडं अधिक वर गेलेलं असतं. मंद असल्यामुळे तो जास्त खाली पडणार होता, पण निघालाच वरच्या कोनातून. वेगवान छर्रा आधी, खालच्या कोनातून निघतो. एका ठराविक अंतरावर दोघं एकाच जागी पोचतात. जुन्या ली-एनफिल्ड सैनिकी रायफली लांबच्या पल्ल्यावर जवळच्यापेक्षा चांगल्या वाटायच्या, त्याचं कारण नेमबाजांनी हेच सांगितलंय. म्हणजे वेगाचा डळमळीतपणा नळी झाकू शकते. आणि तोंड खाली येताना छर्रा सुटत असेल तर तीच नळी त्याच्या जखमेवर मीठ चोळते. दोन रायफली क्रोनोग्राफवर अगदी सारख्या आणि कागदावर जमीन-अस्मानाच्या फरकाच्या का निघतात, याचं एक उत्तर इथे आहे.

स्प्रिंगच्या रायफलीत नळीसकट अख्खी रायफलच हलते. गणित करू. पिस्टन आणि त्याच्याबरोबर सरकणारी स्प्रिंग मिळून ३०० ग्रॅम, धाव ८० मिलिमीटर, रायफल साडेतीन किलोची. पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे सरकते, साधारण सात मिलिमीटर. मग पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटतो आणि रायफल पुढे फेकली जाते. आणि छर्रा? त्याने पिस्टनची धाव संपत आल्यावर कुठे हलायला सुरुवात केली. या सगळ्या धक्काबुक्कीत तो अजून नळीतच आहे. तुम्ही रायफल खांद्याला कशी टेकवलीत, पुढचा हात कुठे ठेवलात, किती आवळलंत, यावर ती सात मिलिमीटर कुठल्या वाटेने सरकते हे ठरतं. म्हणून स्प्रिंगची रायफल आवळून धरायची नाही. तळहातावर नुसती ठेवायची, तिला सरकू द्यायचं, आणि हात दर वेळी त्याच जागी. नवशिक्याला हे पटत नाही. घट्ट धरलं की ताबा राहतो, असं वाटतं. पण आपले स्नायू दर वेळी सारखेच आवळत नाहीत, आणि रायफल तो फरक कागदावर उतरवते.

पीसीपीत हा धक्का जवळपास नसतो, म्हणून ती धरायला सोपी. तिच्यात एक छुपा शत्रू आहे. बऱ्याच पीसीपींमध्ये नळीखाली हवेची लांब टाकी असते आणि नळीला आधार म्हणून पुढे दोघींना बांधणारं कडं असतं. टाकीतला दाब उतरतो तसा टाकीचा आकार सूक्ष्म बदलतो, आणि कडं घट्ट असेल तर ती नळीला आपल्याबरोबर ओढते. वेग अगदी एकसारखा, छर्रे चांगले, नेम चांगला, तरी निशाण हळूहळू एका दिशेला सरकत जातं. टाकी पुन्हा भरली की परत मूळ जागी. ही लक्षणं दिसली की वेगाच्या नादी न लागता ते कडं बघावं. उन्हात एकाच बाजूने तापलेली नळीही असंच करते.

मधे मोडून भरायच्या रायफलीत नळी दर वेळी उघडते आणि मिटते. मिटल्यावर ती त्याच जागी घट्ट बसायला हवी. पाहायची सोपी रीत: रायफल रिकामी, नळी मिटलेली, तोंड सुरक्षित दिशेला. नळी हाताने हलकेच डावी-उजवीकडे ढकलून बघा. बिजागरीपाशी किंचितही खुळखुळ जाणवली तर आडव्या विखुराचं कारण हाती आलं. दुर्बीण स्थिर भागावर बसवलेली असते आणि नळी वेगळ्या भागावर, हे या रायफलीत विसरून चालत नाही.

नळी लांब असेल तर बरी, असंही समजतात. दाबाच्या हवेला छर्रा ढकलायला वाव मिळतो, एवढ्यापुरतं ते खरं. पण नळी जितकी लांब तितका छर्रा तिच्यात जास्त वेळ, आणि तितका वेळ आपला हात हलायला मोकळा. स्पर्धेच्या काही रायफलींमध्ये बाहेरून लांबलचक दिसणारी नळी आतून आखूड असते. पुढचा भाग नुसता पोकळ नळकांडं, नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं अंतर वाढवायला.

तोंडाशी

छर्रा नळीशी शेवटचा जिथे टेकतो तो काठ म्हणजे तिचं तोंड. छर्र्याचा घागरा या काठावरून सुटतो आणि मागची दाबलेली हवा उसळून बाहेर येते. काठ सगळीकडून सारखा असेल तर हवा सगळीकडून एकदम सुटते. एका बाजूला टिचका उडालेला असेल तर तिथून आधी सुटते आणि छर्र्याच्या शेपटाला टिचकी मारते. रायफल तोंडावर उभी ठेवायची सवय, सफाईच्या काठीचे ओरखडे, यांनी काठ बिघडतो. कापसाचा बोळा त्या काठावरून फिरवून बघा. खरखरीत जागा असेल तर तंतू अडकतात.

चांगल्या नळ्यांचं तोंड आतून किंचित आवळलेलं असतं, मिलिमीटरच्या काही शतांशांनी. त्याला चोक म्हणतात. नळी उघडून, स्प्रिंग न ओढता, सफाईच्या काठीने एक छर्रा मागून हळूहळू ढकलला तर तो सगळीकडे सारख्या जोराने सरकतो आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला हाताला एकदम जड लागतो. तो चोक. डब्यातल्या थोड्या कमी-जास्त छर्र्यांना तो जाता जाता एकसारखं करून सोडतो. मधेच कुठे सैल आणि पुन्हा घट्ट लागलं तर नळीत शिशाचा थर साचलाय किंवा नळीच तशी आहे. साफ केल्यावर पहिले काही छर्रे इकडे-तिकडे जातील. नळीला पुन्हा शिशाचा पातळ लेप बसेपर्यंत निशाण जुळवायला घेऊ नये.

कागद आणि आकडे शेजारी-शेजारी

माझीच एक फजिती. माझ्या स्प्रिंगच्या रायफलीने अचानक उभी माळ पाडायला सुरुवात केली. २५ मीटरवर ३० मिलिमीटर. मी छर्रे बदलले, वजन करून निवडले, नळी साफ केली, तेलावर संशय घेतला. दोन आठवडे गेले. शेवटी एक कागद घेतला आणि दहा छर्रे क्रोनोग्राफवरून मारले. प्रत्येक छर्र्यानंतर दुर्बिणीतून छिद्र शोधायचं आणि हातातल्या वहीत त्याची जागा आणि वेग लिहायचा. कंटाळवाणं काम. सगळ्यात मंद आणि सगळ्यात वेगवान छर्र्यात चार मीटरचा फरक निघाला. २४० वर चार मीटर म्हणजे पावणेदोन टक्के, घसरणीत साडेतीन टक्के. २५ मीटरवर एकूण घसरण सहा सेंटिमीटर, तिचे साडेतीन टक्के म्हणजे दोन मिलिमीटर. तीसपैकी दोन! त्यातही सगळ्यात वरचं छिद्र पाडणारा छर्रा मंदांपैकी होता.

तेव्हा कुठे मी पाना घेतला. दस्त्याला रायफल धरून ठेवणारे पुढचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले होते. स्प्रिंगच्या धक्क्यांनी ते ढिले होतातच, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना मी ते सांगायचोही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. पाच छर्र्यांवर काही ठरवायचं नाही, पाच छर्रे नशिबानेही जवळ पडतात. दहा मारायचे, आणि तेही दोनदा. डोळ्यांना गॉगल, मागे छर्रा अडवणारं भक्कम काहीतरी, आणि शिसं हाताळलं म्हणून नंतर हात धुणं, हे असतंच. मग वेग आणि छिद्र यांची जोडी लावून बघायची. मंद छर्रे खाली आणि वेगवान वर, शिवाय अंतर हिशोबाशी जुळतंय, तर वेगाच्या मागे लागायचं: सील, रेग्युलेटर, छर्र्याचा आकार. मंद-वेगवान कसेही मिसळून पडलेत तर क्रोनोग्राफ पेटीत ठेवायचा आणि स्क्रू, कडं, बिजागरी, तोंड, आपली पकड या क्रमाने बघायचं. वेगवान खाली आणि मंद वर असं उलटं दिसलं, तर छर्रा सुटताना तोंड वर चढतंय आणि या अंतरावर ते गरजेपेक्षा जास्त भरपाई करतंय. अशा वेळी जरा लांबच्या अंतरावर एक कागद लावून बघावा, तिथे माळ कोनाच्या मानाने आवळलेली निघू शकते.